निळ्या पडद्याचा पंचनामा

लालसिंग राठोड काकांचा कॉम्प्युटर बंद पडला की ते मेकॅनिकला बोलावत नाहीत. पंच बोलावतात.

पंच दोन लागतात. एक सलीमभाई, ज्याची चहाची टपरी काकांच्या दुकानाला भिंत लावून उभी आहे. आणि दुसरी मी. आम्ही दोघं स्टुलांवर बसलो की काका डाव्या कानामागचं पेन काढतात, लांबडं रजिस्टर उघडतात आणि मोठ्यानं बोलत लिहायला लागतात: ‘आम्ही खाली सह्या करणारे पंच, राहणार उमरखेड, समक्ष हजर राहून लिहून देतो की, आज रोजी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी सदर कॉम्प्युटरचे बटन दाबले असता पडदा प्रथम काळा व तदनंतर निळा झाला. निळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर आढळून आला, तो येणेप्रमाणे.’ मग तो मजकूर, त्यातल्या सगळ्या शून्यांसकट, अक्षर न् अक्षर उतरवला जातो. शेवटी, ‘सदर पंचनामा आम्ही वाचून पाहिला, तो बरोबर व खरा आहे.’ खाली सह्या.

“मशीन खोटं बोलत नाही,” सही झाल्यावर काका दरवेळी म्हणतात, “मानूस वाचत नाही.”

काका तीस वर्षं अर्जनवीस आहेत. आधी कचेरीबाहेरच्या कडुनिंबाखाली पाटावर कागद ठेवून हातानं अर्ज लिहीत. मग टाइपरायटर आला, मग कॉम्प्युटर. बैठक बदलली, भाषा बदलली नाही. कॉम्प्युटर हळू चालला की ते म्हणतात, “आज तारखा देऊन राह्यला.” व्हायरस शिरला की “अतिक्रमण झालं.” बंद करून पुन्हा चालू करणं म्हणजे फेरसुनावणी. आणि ऐन वेळी कागद गिळणाऱ्या प्रिंटरबद्दल ते एवढंच सांगतात, “हा फितूर झाला.”

माझी आणि त्यांची ओळख पत्रकांमुळे. माझ्या घरात पाळण्यावर खेळणं नव्हतं, पण पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे होते. बाबा विहारातल्या सभेपासून बसस्टँडवरच्या धरण्यापर्यंत कुठंही जायचे तर हातात गठ्ठा. मी वाचायला शिकले ती ‘बंधू-भगिनींनो, जागे व्हा’ या ओळीवर. आता बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून पत्रकं मी काढते. ती टाइप होतात राठोड काकांच्या दुकानात.

मी निखारे लिहून नेते आणि काका ते विझवून देतात. माझं आंतरजातीय विवाहांवरचं पत्रक त्यांनी टाइप केलं, तेव्हा चष्मा कपाळावर चढवून ते म्हणाले, “पत्रकबाई, यात ‘निषेध’ पाच वेळा आला.”

“प्रसंगच तसा आहे, काका.”

“प्रसंग एक हाय ना? मंग निषेध बी एकच कर. पाच वेळा केला की वाचनाऱ्याले वाटते, पयले चार लागले नाहीत.”

पत्रकातल्या मजकुराबद्दल मात्र ते अवाक्षर बोलले नाहीत. मुलींनी आपला जोडीदार निवडणं हा त्यांचा हक्क आहे, आईबापांची अब्रू म्हणजे मुलीच्या पायातली बेडी नव्हे, अशी माझी तळपती वाक्यं त्यांनी एका लयीत टाइप केली. दोन ऱ्हस्वदीर्घ सुधारले, प्रत माझ्या हातात दिली आणि पुढच्या माणसाला विचारलं, “कोन्त्या खात्याले लिहाचं हाय?” मला वाटलं, या माणसाला कशाचंच काही नाही. कायदेशीर दगड आहे नुसता.

एकच गोष्ट त्या दगडाला शोभत नसे. सकाळी दुकान उघडून कॉम्प्युटर चालू केला की दोनेक मिनिटांनी काका पडद्याकडे पाहून म्हणायचे, “घातला वं, घातला.” आणि चष्मा नाकावर नीट बसवून कामाला लागायचे. समोरच्या स्टुलावरून मला पडद्याची पाठच दिसे. तीस वर्षं अर्ज लिहिल्यावर माणूस यंत्राशी बोलणारच, अशी मी समजूत करून घेतली होती.

मग मागच्या मार्चमध्ये तो कॉम्प्युटर मेला. शेवटचा पंचनामा मला पाठ आहे: ‘डबा उघडून पाहिला असता आतील हिरव्या पाटीवरील नळकांडी वजा भाग फुगलेले व दोन ठिकाणी फुटलेले दिसून आले. सबब सदर कॉम्प्युटर मयत झाल्याची आमची खात्री झाली.’ हार्डडिस्क तेवढी शाबूत निघाली. काकांनी ती स्वच्छ रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवली. कॉम्प्युटरचा डबा सलीमभाईनं टपरीवर नेऊन त्यावर बिस्किटांच्या बरण्या मांडल्या.

नांदेडहून नवा कोरा कॉम्प्युटर आला. काळा, बारीक, आवाज नाही. काका त्याच्यापुढे तीन दिवस बसले आणि चौथ्या दिवशी त्यांनी निकाल दिला, “मशीन चांगलं हाय. पन याच्यात टेकडी नाही.”

टेकडी म्हणजे ती जुनी सिस्टीम, जिच्या पडद्यावर हिरवीगार टेकडी आणि वर निळं आभाळ असायचं. आपल्याकडे एके काळी तलाठ्याच्या टेबलापासून लग्नपत्रिकांच्या दुकानापर्यंत सगळीकडे तीच टेकडी होती. काकांचं सगळं काम ज्यावर चालायचं तो ‘अर्ज’ नावाचा प्रोग्राम त्या टेकडीवरच चालायचा. त्यात चाळीस नमुने होते. खातं निवडा, नाव टाका, गाव टाका, की अर्ज तयार. नव्या सिस्टीमवर तो उघडायला गेलं की ती एका ओळीत सांगायची, हा प्रोग्राम या कॉम्प्युटरवर चालणार नाही. कारण नाही, सुनावणी नाही, सरळ फेटाळला.

“मंग नव्यात टेकडी बसवू,” काका म्हणाले. “जागा भरपूर हाय.”

पहिली अडचण अशी की नव्या कॉम्प्युटरला सीडी घालायला फटच नव्हती. काकांनी चारी बाजूंनी बोटं फिरवून पाहिली. “याले तोंडच नाही. खाईन कुठून?” तोंड वेगळं विकत मिळतं हे कळल्यावर ते वायरवालं तोंड आलं, त्यात टेकडीची सीडी गेली, आणि पडद्यावर लाल चौकट उमटली. सही अमान्य असल्याचं ती सांगत होती.

मी संतापले. काका मात्र खुर्चीत ताठ बसले. त्यांना इतकं समाधानी मी कधीच पाहिलं नव्हतं. “पाह्य पत्रकबाई! हा सही तपासून राह्यला. कचेरीत कोनी तपासते काय इतकं?”

“काका, ही दडपशाही आहे. तुमच्या पैशानं घेतलेल्या यंत्रात काय घालायचं, हे कंपनी ठरवणार?”

“दडपशाही नाही, हरकत हाय ती. हरकत आली की आपन अर्ज द्याचा.”

कॉम्प्युटर चालू होताना एक बटण दाबत राहिलं की जी सेटिंगची पानं उघडतात, त्यांना काका तळघर म्हणतात. तळघरात उतरून दोन दिवसांनी त्यांनी ती सही तपासणी बंद केली. रजिस्टरात नोंद झाली: हरकत निकाली.

दुसऱ्या वेळी टेकडीची सीडी चालली. निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत सूचना आली, पुढे जाण्यासाठी एंटर दाबा. काकांनी एंटर दाबलं. काही नाही. सलीमभाईनं दाबलं. मी दाबलं, जरा जोरातच. कीबोर्डचा दिवासुद्धा लागेना. नव्या कॉम्प्युटरचा नवा कीबोर्ड जुन्या सिस्टीमला दिसतच नव्हता.

“म्हंजे बोल म्हनते,” सलीमभाई म्हणाला, “और मुंह पे पट्टी.”

यावर उतारा काकांच्या घरच्या माळ्यावर निघाला. काकू गेल्यापासून घरात ते एकटेच. माळा भरलेला, खालच्या खोल्या रिकाम्या. तिथून त्यांनी गोल पिनेचा जुना कीबोर्ड काढला. त्याच्यावरची अक्षरं पुसली गेली होती. ‘अ’ च्या जागी कुणीतरी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. नव्या मशीनच्या पाठीमागे एकच गोल भोक होतं, कंपनीनं बहुतेक काढायचं विसरून गेलेलं. पिन बसली. एंटर दाबलं. गाडी पुढे गेली.

आणि पुन्हा निळा पडदा. या वेळी पक्का, शून्यं आणि आकड्यांचा. काकांनी तो उतरवून घेतला आणि मी मोबाइलवर अर्थ शोधला. नव्या कॉम्प्युटरची डिस्क नव्या जातीची आहे आणि टेकडीला ती ओळखता येत नाही, असा त्याचा मतलब होता.

काकांना लगेच समजलं. “सात-बारा हाय, पन मोक्यावर वावर सापडत नाही.”

तिथून पुढचा महिना त्यांनी ते वावर शोधण्यात घालवला. डिस्कची ओळख पटवणारी फाइल सीडीतच मिसळायची आणि नवी सीडी बनवायची, असा उपाय मी वाचून दाखवला होता. काकांनी सात सीड्या बनवल्या. सात पंचनामे झाले. फसलेल्या सीड्या दुकानाबाहेर दोरीला लटकू लागल्या. ढाणकीच्या एका शेतकऱ्यानं त्यातल्या चार पाखरं हाकलायला म्हणून उन्हाळी ज्वारीच्या वावरात नेल्या आणि परत येऊन सांगितलं, “काका, फस्क्लास चालतात. आनखी बिघडल्या की सांगजा.”

या काळात दुकान चालू होतं. काका हातानं अर्ज लिहीत होते आणि, हे मी पंच म्हणून सांगते, प्रोग्रामपेक्षा लवकर लिहीत होते. गिऱ्हाईक खूश होतं. कचेरीतले लोक म्हणत, राठोडचं अक्षर छापल्यावाणी आहे. तरी दुपारी गर्दी ओसरली की काका तळघरात उतरत.

मी विचारलं, “काका, ‘अर्ज’ नाही चालला तर काय होईल?”

“दुकान बंद करीन.”

“पण दुकान तर चालूच आहे!”

त्यांनी पेन कानामागे खोचलं. “तुले नाही समजनार.”

हे वाक्य मला कुणी म्हटलं की मी पत्रक काढते. मला सगळं समजलं होतं. एक अर्जनवीस, एकटा, साठी ओलांडलेला, जगभरातल्या बलाढ्य कंपन्यांविरुद्ध उभा राहून म्हणतोय की माझं जुनं चालतंय, मला नवं नको. त्या रात्री न थांबता मी दोन पानं लिहिली. मथळा: ‘नव्याची सक्ती मोडून काढा!’ त्यात काका होते, टेकडी होती, निळा पडदा होता आणि ‘निषेध’ एकदाच होता. सकाळी अभिमानानं त्यांच्यापुढे ठेवलं.

काकांनी लाल पेन घेतलं. “‘भांडवलशाहीच्या निळ्या पडद्याआड.’ हे काय हाय?”

“रूपक आहे.”

“रूपकाले पुरावा नसते. काढ.” पान उलटलं. “‘प्रतिकाराचा एकाकी शिलेदार.’ हा कोन?”

“तुम्ही.”

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “मी कोनाच्याच इरुद्ध नाही वं. मले माहा प्रोग्राम पायजे. बस.” आणि ‘एकाकी’ सोडून त्यांनी सगळं वाक्य कापलं. मग ‘एकाकी’ही कापलं.

मी टपरीवर येऊन बसले. सलीमभाईनं न सांगता कट चहा पुढे केला.

“दीदी, इतकी नका तापू. तो प्रोग्राम त्यायच्या सरितानं बनवला, मालूम हाय ना?”

मला मालूम नव्हतं. सरिता म्हणजे काकांची एकुलती एक मुलगी. मी तिला शाळेत दोन वर्गांनी पुढे असलेली, वेणीला लाल रिबीन बांधणारी मुलगी म्हणून ओळखत होते. नंतर ती पुण्याला गेली, एवढंच कानावर होतं.

सलीमभाईनं सांगितलं ते असं. काका तेव्हा चष्म्याशिवाय टाइप करायचे. चष्मा कपाळावर आणि बोटं भरधाव. एकदा वारसाच्या अर्जात त्यांनी अर्जदाराच्याच नावापुढे ‘मयत’ टाइप केलं. तो बिचारा सही करून कागद घेऊन गेला. कचेरीतल्या बाबूनं अर्ज वाचला, माणसाकडे पाहिलं आणि म्हणाला, मयत इसमाला अर्ज करता येत नाही. पुढे तो माणूस जिवंत असल्याचा दाखला काढायला तीन महिने फिरत होता. सरिता त्या वर्षी कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला होती. बापाची फजिती ऐकून ती पोट धरून हसली आणि दिवाळीच्या सुट्टीत तिनं ‘अर्ज’ बनवला. त्यात पहिल्यांदा एक चौकट यायची: ‘बापू, चष्मा घातला का?’ खाली दोन बटणं. हो आणि नाही. ‘हो’ म्हटल्याशिवाय प्रोग्राम उघडत नसे.

“म्हणून ते रोज सकाळी...”

“हौ. ‘घातला वं, घातला.’ मशीनले थोडीच बोलते तो?”

“मग सरितालाच विचारा ना! ती दहा मिनिटांत करून देईल.”

सलीमभाईनं पातेल्यावर झाकण ठेवलं. “सहा साल झाले. तिनं तिच्या पसंतीनं लगन केलं, दुसऱ्या जातीत. यायनं पेपरात नोटीस दिली.”

ती नोटीस आपल्याकडे कोण ओळखत नाही? जिल्ह्याच्या पेपरात, विहीर हरवल्याच्या आणि बैल सापडल्याच्या शेजारी, बारीक चौकटीत असते. ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की, माझी मुलगी अमुक ही माझ्या कह्यात नसून तिच्याशी माझा कोणताही संबंध राहिलेला नाही.’ बाकीचे बाप ती नोटीस अर्जनवीसाकडून लिहून घेतात. राठोड काका स्वतः अर्जनवीस. तांड्यावरच्या चार वडीलधाऱ्यांच्या समोर त्यांनी ती स्वतः तयार केली. सलीमभाई शपथेवर सांगतो, कॉम्प्युटरवर, ‘अर्ज’ उघडून. नमुना त्यातच होता. इतर बापांसाठी लागायचा म्हणून तिनंच घातलेला.

मी उठले, दुकानात गेले आणि समोर उभी राहिले. “तुम्ही नोटीस दिली?”

त्यांनी मान वर केली नाही. “दिली. नमुना चौदा.”

“आणि माझं पत्रक टाइप करताना तुमचा हात कापला नाही?”

“दोन ऱ्हस्वदीर्घ चुकले व्हते. ते पाहून राह्यलतो.”

मी तिथल्या तिथं बहिष्कार जाहीर केला. यापुढे या दुकानात माझं एकही पत्रक टाइप होणार नाही, आणि यापुढच्या कुठल्याही पंचनाम्यावर माझी सही असणार नाही. मी तत्त्वाची माणूस आहे. खोट्या कागदावर मी कधी सही केली नाही आणि खोट्या माणसाच्या कागदावर तर करणारच नाही. बोलता बोलता निषेधही झाला. किती वेळा ते मोजलं नाही.

बहिष्कार नऊ दिवस टिकला. मी दुसरीकडे पत्रक टाइप करायला दिलं, तर तिथल्या मुलानं ‘शोषण’ चं ‘शोषन’ केलं आणि ‘समता’ चं ‘समती’. दहाव्या दिवशी सलीमभाई घरी एक पाकीट घेऊन आला. आत छापल्यावाणी अक्षरात समन्स होतं: ‘पंच क्रमांक दोन हे सलग नऊ दिवस गैरहजर असल्याने काम तहकूब ठेवणे भाग पडले आहे. तरी आपण समक्ष हजर राहून आपले म्हणणे मांडावे.’

म्हणणं मांडायची संधी कुणी दिली तर मला ती नाकारता येत नाही. हा दोष पिढीजात आहे.

“मांडते,” मी दुकानात शिरत म्हटलं. “नोटीस मागे घ्या.”

“मागं घ्याचा नमुना नाही.”

“नाही तर नवा बनवा. मी मसुदा करून देते.”

“तुह्या मसुद्यात निषेध येईन.” ते किंचित हसले आणि लगेच थांबले. “अन् नवा नमुना त्याच्यात टाकनं तिलेच येते. मले चाळीसच मालूम.”

दोरीवरच्या सीड्या उन्हात फिरत होत्या आणि त्यांचे कवडसे काकांच्या शर्टावरून जात होते.

“त्या नोटिशीतनं एकबी चूक निघाली नाही,” ते म्हणाले. “इतक्या वर्साच्या सरावाची होती ना. जशी लिहिली तशीच लागू झाली. तिनं फोन नाही केला, चिठ्ठी नाही, काई नाही. कायले करन? तमाम लोकांस कळवलं व्हतं मी. तमाम लोकांत ती बी आली.”

मी जवळच्या स्टुलावर बसले. आणि नऊ दिवसांत पुन्हा वाचून काढलेला उपाय सांगितला. जुनी सिस्टीम नव्या डिस्कवर थेट बसवण्याचा हट्ट सोडायचा. नव्या सिस्टीमच्या आत एक खोटा, मनातला कॉम्प्युटर उभा करायचा आणि टेकडी त्याच्यात बसवायची. तिला वाटतं आपण जुन्याच मशीनवर आहोत. डिस्कची ओळख नको, कीबोर्डचं भांडण नको.

हे मी महिन्याभरापूर्वीही सुचवलं होतं. तेव्हा काका अपमान झाल्यासारखे उठले होते. “म्हंजे नव्याच्या घरात पोटभाडेकरू? माही टेकडी? तिचा सोताचा सात-बारा पायजे.”

आज त्यांनी रजिस्टराचं कोरं पान उघडलं.

“पोटभाडेकरू तं पोटभाडेकरू,” ते म्हणाले. “घरात तं येईन.”

काम दीड तासात झालं. सहा आठवडे, दहा पंचनामे आणि सात सीड्यांनंतर, नव्या सिस्टीमच्या पडद्यावर वहीच्या पानाएवढी एक खिडकी उघडली, त्यात अक्षरं पळाली, एंटर दाबा म्हणाली, एंटर दाबल्यावर ऐकलंसुद्धा. आणि मग त्या खिडकीत हिरवी टेकडी उगवली, वर आभाळ.

“आ गयी!” सलीमभाई ओरडला. बाहेर बसलेली दोन माणसं, ज्यांना कशाचा गंध नव्हता, तीही आत डोकावून गेली.

काकांनी खिशातला रुमाल सोडला. जुनी डिस्क जोडून मी ‘अर्ज’ उचलला आणि टेकडीवर ठेवला. त्याचं चित्र म्हणजे चष्मा होता, तिनं हातानं काढलेला, एक काच मोठी, एक लहान. मी माउस काकांच्या हाताखाली सरकवला. खरं तर मला घरी जायला हवं होतं. पण पंचाला जाता येत नाही.

त्यांनी दोनदा दाबलं. चौकट आली.

‘बापू, चष्मा घातला का?’

चष्मा त्यांच्या नाकावर होता. काळ्या फ्रेमचा, जाड काचांचा, दोरी मानेमागे. ‘घातला वं’ ऐकायला मी तयार होते. काकांनी बाण हळूहळू सरकवला, ‘हो’ च्या पुढे नेला आणि ‘नाही’ दाबलं.

दुसरी चौकट आली.

‘मग घाला. मी थांबते.’

खाली एकच बटण. ते दाबलं की पहिली चौकट परत. बापू, चष्मा घातला का? नाही. मग घाला, मी थांबते. बापू, चष्मा घातला का? नाही. मग घाला, मी थांबते. त्यांनी किती वेळा दाबलं ते मी मोजत होते आणि मग मोजणं सोडलं. सलीमभाई, ज्यानं नुकताच चहा ठेवला होता, चहा ठेवायला म्हणून बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही.

शेवटी काकांनी माउस सोडला. चौकट तशीच राहू दिली, थांबलेली. त्यांनी कानामागचं पेन काढलं आणि रजिस्टर ओढलं. या वेळी मोठ्यानं बोलले नाहीत. नुसतं लिहिलं, फिरवलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

‘...सबब पोटभाडेकरू तत्त्वावर टेकडी कायम करण्यात आली. प्रोग्राम सुरू केला असता चष्म्याबाबत विचारणा झाली. त्या वेळी अर्जदाराच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता.’

मी वर पाहिलं. जाड काचांमागचे दोन ओले डोळे, होते त्याहून मोठे, माझ्याकडे पाहत होते.

सदर पंचनामा मी वाचून पाहिला. तो बरोबर व खरा आहे. मी सही केली.